रोजच्या भाड्याचे घर : शेजाऱ्याचा हक्क आणि मुसाफिराचा हक्क



अल्लाहचे स्तवन करून आणि अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर दरूद व सलाम पाठवून या महिन्यात आपल्यापुढे असा एक विषय मांडत आहे, जो फिकहच्या जुन्या ग्रंथांत या नावाने सापडणार नाही, परंतु आपल्यापैकी अनेकांच्या जिन्यात, लिफ्टमध्ये आणि समोरच्या दारात तो रोज उभा असतो.

आमच्या परिचयातील एक वृद्ध भगिनी मोशी येथील एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. मुलगा चाकणला शिफ्टला जातो, सून शाळेत शिकवते. समोरच्या सदनिकेत पूर्वी एक कुटुंब राहत असे. होळीला तिकडून पुरणपोळी येई, ईदला इकडून शीरखुर्मा जाई. पुढे ते कुटुंब गावी परतले आणि मालकाने ती सदनिका मोबाइलवरील अॅपवरून रोजच्या भाड्याने देण्यास प्रारंभ केला. दाराला आकड्यांचे कुलूप बसले. आज एक, परवा दुसरा, रविवारी तिसराच. रमजानमधील एका दुपारी या भगिनींची साखर उतरली. कशाबशा उठून त्यांनी समोरची बेल वाजवली. दार उघडले. आत दोन तरुण होते; काल आलेले आणि उद्या जाणारे. त्यांनी खुर्ची दिली, साखरपाणी आणून दिले, धीर दिला. परंतु या कोण, यांचा मुलगा कुठे असतो, डॉक्टर कोणते, फोन कोणाला करायचा, यातले त्यांना काहीच ठाऊक नव्हते. पुढे कोणीतरी वॉचमनला गाठले आणि निभावले, अल्हम्दुलिल्लाह. नंतर त्या भगिनी एवढेच म्हणाल्या, “मुलं चांगली होती हो. पण माझं नावसुद्धा कुणाला माहीत नव्हतं.”

या एका वाक्यात आजचा संपूर्ण विषय सामावलेला आहे. त्या तरुणांचा काही दोष नव्हता. मालकानेही चोरी केली नव्हती. तरीसुद्धा त्या मजल्यावरून काहीतरी नाहीसे झाले होते. काय नाहीसे झाले, कोणाच्या हातून झाले आणि अल्लाहपुढे त्याचा जाब कोणाला द्यावा लागेल, याचा आपण विचार करू या.

येणाऱ्या-जाणाऱ्यांची नगरी

पिंपरी-चिंचवड हे शहर मुळातच बाहेरून आलेल्या माणसांनी घडवले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली; १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळरानावर कारखान्यांच्या ओळी उभ्या राहिल्या. १९८२ मध्ये येथे महानगरपालिका झाली. पुढे उद्योगांची ही रांग चाकणपर्यंत गेली. २००९ मध्ये त्या परिसरात फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. शेजारीच हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान केंद्र वाढले. मराठवाडा, विदर्भ, कोकण, उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटक अशा ठिकाणांहून लोक आले. आपल्यापैकी बहुतेकांचे वडील किंवा आजोबा हातात एक ट्रंक घेऊनच कासारवाडीच्या किंवा पिंपरीच्या स्थानकावर उतरले होते, हे आपण विसरू नये.

अशा नगरीत थोड्या दिवसांच्या निवाऱ्याची गरज खरी आहे. यंत्र बसवण्यासाठी पंधरा दिवस आलेला अभियंता, वायसीएम रुग्णालयात दाखल रुग्णासोबत आलेले खेड्यातील नातेवाईक, परीक्षेसाठी आलेली मुलगी आणि तिचे वडील, मुलाखतीसाठी आलेला तरुण, गहुंजेच्या मैदानावर सामना पाहायला आलेली मंडळी, या सर्वांना रात्र काढायला छप्पर हवे असते. याच गरजेचे दुसरे रूप म्हणजे चाकण, महाळुंगे, नाणेकरवाडी, खराबवाडी येथील कॉट बेसिसच्या खोल्या. तेथे कंत्राटी कामगार खोली नव्हे, तर एक खाट भाड्याने घेतो आणि काम संपले की गाठोडे उचलून निघून जातो. वाकड, रावेत, पिंपळे सौदागरच्या उंच इमारतींतील सजवलेली सदनिका आणि महाळुंग्यातील ती खाट, या दोन्हींचा प्रश्न एकच आहे. भाडे देणारा माणूस थोड्या दिवसांचा आहे आणि भिंतीपलीकडचा माणूस कायमचा.

एका आयतीत दोघांचा हक्क

सूरह अन-निसाच्या ३६ व्या आयतीत अल्लाहने आपल्या एकमेव उपासनेची आज्ञा दिल्यानंतर ज्यांच्याशी सद्वर्तन करायचे त्यांची यादी दिली आहे. आई-वडील, नातेवाईक, अनाथ आणि गरजू यांच्यानंतर त्या यादीत नात्यातला शेजारी येतो, मग परका शेजारी येतो, मग काही काळ आपल्या बाजूला असणारा सोबती येतो आणि त्याच्यालगत वाटसरू येतो. भाष्यकारांनी बाजूच्या सोबत्याच्या अर्थात प्रवासातला सहप्रवासी आणि थोड्या वेळेसाठी जवळ आलेला माणूस यांचाही समावेश केला आहे.

आता आपल्या इमारतीकडे पाहा. समोर राहणारे कुटुंब परक्या शेजाऱ्याच्या हक्कात आले. दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा बाजूचा सोबतीही ठरला आणि वाटसरूही. या दोघांना अल्लाहने एकाच आयतीत, एकाच आज्ञेखाली आणले आहे. म्हणून या प्रश्नाचे जे उत्तर एकाचा हक्क पाळताना दुसऱ्याचा हक्क तुडवते, ते इस्लामचे उत्तर नव्हे. मालकाने शेजाऱ्याला विसरून पैसा कमावणे हा एक अन्याय, तर सोसायटीने प्रत्येक अनोळखी चेहऱ्याला चोर समजून हाकलणे हा दुसरा अन्याय. त्याच आयतीचा शेवट लक्षात घ्या. गर्वाने फुगणारा आणि बढाई मारणारा मनुष्य अल्लाहला आवडत नाही, असा इशारा तेथे दिला आहे. हक्क बुडवण्याची सुरुवात बहुधा याच गर्वातून होते. फ्लॅट माझा, पैसा माझा. मला विचारणारे तुम्ही कोण?

घर आणि सराई

सूरह अन-नूरमध्ये २७ ते २९ या आयतींत घरात प्रवेश करण्याचे शिष्टाचार शिकवले आहेत. दुसऱ्याच्या घरात अनुमती घेतल्याशिवाय आणि घरच्यांना सलाम केल्याशिवाय जाऊ नये. परत जा असे सांगितले तर परत जावे. त्यानंतर लगेच एक सवलत दिली आहे. ज्या वास्तू कोणाचे राहते घर नाहीत आणि ज्यांत तुमच्या उपयोगाची सोय आहे, तेथे प्रवेश करण्यात दोष नाही. अनेक भाष्यकारांनी या वास्तूंचा अर्थ वाटेवरच्या सराया, मुसाफिरखाने असा सांगितला आहे.

कुरआनने राहते घर आणि सराई यांच्यात किती स्पष्ट रेषा आखली आहे पाहा. घराला हुरमत आहे, आडोसा आहे, अनुमतीचा उंबरठा आहे. सराई सर्वांसाठी खुली आहे आणि ती खुली असण्यातच तिचा सन्मान आहे. मुसलमानांनी इतिहासात दोन्ही बांधले. व्यापारी मार्गांवर सराया उभारल्या, त्यांच्यासाठी वक्फ केले, मुसाफिरांना पाणी आणि निवारा दिला. परंतु सराई ही सराई म्हणून बांधली जाई. तिचे दार रस्त्याकडे असे आणि तिची देखभाल करणारा माणूस तेथे हजर असे. लोकांच्या घरांमधील एखादे घर गुपचूप सराई करून टाकणे ही गोष्ट वेगळी आहे. एका सदनिकेचा उंबरठा खुला झाला की केवळ तीच सदनिका खुली होत नाही. जिना खुला होतो, लिफ्ट खुली होते, गच्ची खुली होते आणि ज्या पॅसेजमध्ये शेजारच्या भगिनी घरच्या वेषात सहज उभ्या राहत, तो पॅसेजही रस्ता होतो. मालकाने स्वतःचे दार उघडले. परंतु त्याबरोबर इतरांच्या आडोशाचा एक भागही त्यांना न विचारता देऊन टाकला.

याच कारणाने जगातील अनेक शहरे आज या प्रश्नाशी झगडत आहेत. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर देणाऱ्यास नोंदणी सक्तीची झाली आणि पाहुणा असताना यजमानाने त्याच घरात राहावे, असा नियम कठोरपणे लागू झाला. बार्सिलोना शहराने जून २०२४ मध्ये जाहीर केले की दहा हजारांहून अधिक पर्यटक-सदनिकांचे परवाने २०२८ नंतर पुढे चालू ठेवले जाणार नाहीत, कारण स्थानिकांनाच राहायला घर मिळेनासे झाले. आपल्याकडे महाराष्ट्रात निवास व न्याहारी योजना आहे. घरच्या माणसांनी आपल्याच घरातील खोली पाहुण्याला द्यावी, हा तिचा गाभा. यजमान घरात असला की पाहुण्याला घरपण मिळते आणि शेजाऱ्याला जबाबदार माणूस मिळतो. यजमानच नाहीसा झाला की दोघेही पोरके होतात.

दोन मजल्यांचे जहाज

हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांनी निवेदन केलेली आणि सहीह बुखारीत आलेली एक हदीस आपण अनेकदा ऐकली आहे. प्रेषितांनी (स.) जहाजातून प्रवास करणाऱ्यांचे उदाहरण दिले. चिठ्ठ्या टाकून काहींना वरचा मजला मिळाला, काहींना खालचा. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे आणि वरच्यांना त्याचा त्रास होई. तेव्हा खालच्यांनी विचार केला की आपण आपल्याच वाट्याच्या जागेत एक छिद्र पाडू, म्हणजे वरच्यांना त्रास नको. प्रेषितांनी (स.) सांगितले की वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सगळेच बुडतील आणि त्यांचा हात धरला तर सगळेच वाचतील.

ही हदीस सदनिकांच्या इमारतीला किती चपखल लागू पडते! येथेही मजले आहेत. येथेही प्रत्येकाचा वाटा ठरलेला आहे. खालच्यांचा युक्तिवादही तोच आहे, जो आज मासिक सभेत ऐकू येतो : आम्ही आमच्याच जागेत करतो आहोत. प्रेषितांच्या (स.) उदाहरणातील माणसे दुष्ट नव्हती. त्यांची गरज खरी होती, हेतूही वरवर चांगला होता. चूक एवढीच होती की वाटा वेगळा असला तरी जहाज एक आहे, हे ते विसरले.

आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. वरच्यांनीही आपली जबाबदारी ओळखायची आहे. खालच्यांना पाण्याची गरज होती. ती गरज पुरवण्याची चांगली वाट वरच्यांनी दिली असती, तर छिद्राचा विचारच पुढे आला नसता. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला, नोकरी गेलेला किंवा परगावी बदली झालेला सभासद रोजच्या भाड्याकडे वळतो, तेव्हा त्याला चांगला मासिक भाडेकरू मिळवून देण्यात सोसायटीने किती मदत केली, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

इस्लामी शरीअतने मालमत्तेचा अधिकार मान्य केला. परंतु तो शेजाऱ्याच्या हक्काने बांधलेला ठेवला. शुफ्अ म्हणजे अग्रखरेदीचा हक्क हे त्याचे उदाहरण आहे. मालमत्ता विकताना भागीदाराला प्रथम विचारावे, हे हजरत जाबिर (रजि.) यांच्या निवेदनातून सिद्ध आहे. हनफी फिकहने हा हक्क लगतच्या शेजाऱ्यापर्यंत नेला. शाफिई फिकहने तो भागीदारापुरता ठेवला. मतभेद कुठपर्यंत न्यायचा याचा आहे. परंतु लगतच्या माणसाचा विचार न करता मालमत्तेचे रूप पालटू नये, या भावनेवर सर्वांचे एकमत आहे. जिना, लिफ्ट, पाण्याची टाकी आणि पार्किंग यांत तर आपण सगळे खरोखरच भागीदार आहोत. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालील इमारतींत तर प्रत्येक सदनिकेबरोबर या सामाईक जागेतील अविभक्त हिस्साच मालकाच्या नावे होतो.

शेजारी नाहीसा होतो तेव्हा

मध्यरात्री बेल वाजणे, पार्ट्यांचा गोंगाट, लिफ्टमध्ये अडकलेल्या बॅगा, कुठेही टाकलेला कचरा, पाण्याचा वाढलेला वापर या तक्रारी खऱ्या आहेत. प्रेषितांनी (स.) तीन वेळा शपथ घेऊन सांगितले आहे की ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही तो ईमानवंत नाही. आपण स्वतः गोंगाट केला काय किंवा पैसे घेऊन गोंगाट करणाऱ्याला किल्ली दिली काय, शेजाऱ्याच्या कानाला फरक पडत नाही आणि हिशेबाच्या दिवशीही तो पडेल असे समजण्याचे कारण नाही.

परंतु याहून मोठी हानी दिसत नाही. ती म्हणजे स्वतः शेजारीच नाहीसा होणे. हजरत जिब्रील (अ.) शेजाऱ्याविषयी इतक्या वेळा ताकीद देत राहिले की त्याला वारसा हक्कही मिळेल की काय, असे प्रेषितांना (स.) वाटू लागले; ही हदीस बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे. हजरत आयेशा (रजि.) यांनी विचारले होते की दोन शेजाऱ्यांपैकी भेट कोणाकडे पाठवू? उत्तर मिळाले की ज्याचे दार अधिक जवळ आहे त्याच्याकडे. हजरत अबू जर (रजि.) यांना उपदेश होता की रस्सा शिजवताना पाणी थोडे वाढवावे आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवावी.

आता सांगा, ज्या दाराआड रोज वेगळा माणूस आहे, त्या दारी भेट कोणाकडे न्यायची? ज्याचे नाव ठाऊक नाही त्याची आजारपणात विचारपूस कशी करायची, त्याच्या जनाजासोबत कसे जायचे, त्याच्या मुलाच्या यशाचा आनंद कसा मानायचा? मोशीच्या त्या भगिनींसाठी सर्वांत जवळचे दार होते, पण त्या दारामागे शेजारी नव्हता. शेजारधर्म हा सरावाने वाढतो. महिनोन्महिने एकमेकांचे आवाज, सवयी, दुखणी माहीत झाल्यावरच एक दिवस कोणीतरी म्हणते, आज आजींच्या घरचा दिवा लागला नाही, बघून या. हे काम सीसीटीव्ही करीत नाही आणि कोणतेही अॅप करीत नाही. चार-पाच सदनिका रोजच्या भाड्यावर गेल्या की मजला भरलेला असूनही ओसाड होतो.

कमाई हलाल, पण अटींसह

कोणी विचारील, मग घर रोजच्या भाड्याने देणे हराम आहे काय? बंधूंनो, भाडेकरार, म्हणजे इजारा, शरीअतमध्ये वैध आहे. मुदत एक दिवसाची असो वा एक वर्षाची. जे अल्लाहने हराम केले नाही ते आपण हराम करू नये. परंतु वैध करारही काही गोष्टींनी दूषित होतो.

पहिली गोष्ट, वचनभंग. सूरह अल-माइदाच्या आरंभीच करार पूर्ण करण्याची आज्ञा आहे. सोसायटीचे सभासदत्व घेताना उपविधी पाळण्याचे, अपार्टमेंट घेताना घोषणापत्रातील अटी पाळण्याचे आपण सहीनिशी मान्य केलेले असते. निवासी वापरासाठीच जागा वापरू, असे लिहून देऊन तेथे लॉज चालवणे म्हणजे दिलेला शब्द मोडणे होय. मुसलमान आपल्या मान्य केलेल्या अटींना बांधील असतात, असा हदीसचा आशय आहे.

दुसरी गोष्ट, लपवाछपवी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार घर भाड्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सवर देताना करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. राहणाऱ्याची माहिती पोलिसांना व सोसायटीला द्यावी लागते; परदेशी पाहुणा असेल तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. आलेला परका असतानाही वॉचमनला “मामेभाऊ आला आहे, असे सांगा” असे पाहुण्याला पढवून ठेवणे, हे दोन माणसांना खोटे बोलायला लावणे आहे. जी कमाई खोट्याच्या दारातून आत येते तिच्यात बरकत कशी राहील?

तिसरी गोष्ट, डोळेझाक. जागा कशासाठी वापरली जाते याकडे दुर्लक्ष करून केवळ खात्यात आलेली रक्कम पाहणे. पापाच्या व अतिरेकाच्या कामात एकमेकांना साहाय्य करू नका, ही कुरआनची आज्ञा किल्ली देणाऱ्या हातालाही लागू आहे. खाटेमागे भाडे घेणाऱ्यांनीही विचार करावा. एका खोलीत किती माणसे कोंबली, त्यांना हवा, पाणी, स्वच्छतागृह मिळते का, अडचणीच्या वेळी त्यांना बाहेर पडता येईल का? मजुराला निद्रा विकून त्याचे आरोग्य हिरावून घेणे हाही शेजाऱ्याचा नव्हे, तर आपल्याच भाडेकरूचा हक्क बुडवणे आहे.

दारात उभा असलेला मुसाफिर

आता नाण्याची दुसरी बाजू. थोड्या दिवसांच्या पाहुण्याचा हक्क विसरू नका. आपणही उमऱ्याला जातो तेव्हा मक्का व मदीना येथे काही दिवसांच्या भाड्याच्या खोलीतच उतरतो. मक्केतील घरांचे भाडे हा तर फिकहमधील फार जुना प्रश्न आहे. सूरह अल-हज्जच्या २५ व्या आयतीत मस्जिदे हरामविषयी तेथील रहिवासी आणि बाहेरून आलेला यांना समान म्हटले आहे. हजच्या मोसमात मक्केतील घरांचे भाडे घेणे इमाम अबू हनीफा (रह.) यांना नापसंत होते, असे त्यांचे मत वर्णिले जाते, इमाम शाफिई (रह.) यांनी त्यास मोकळीक दिली. मतभेदातूनही एक बोध होतो. आपल्या इमामांनी बाहेरून आलेल्या माणसाकडे केवळ गिऱ्हाईक म्हणून पाहिले नाही. त्याचाही त्या भूमीवर काही हक्क आहे, असे त्यांनी मानले.

म्हणून सोसायटीच्या सभेत रोजच्या भाड्याविरुद्ध बोलताना जीभ सांभाळा. सूरह अल-हुजुरातने संशय घेण्यापासून आणि पाळत ठेवण्यापासून रोखले आहे. एकटा तरुण दिसला की तो वाईट चालीचा, परप्रांतीय दिसला की तो गुन्हेगार, असे समजणे हे पाप आहे. आणि ही गोष्ट आपल्याइतकी कोणाला कळावी? घर शोधताना सर्व काही ठरल्यावर केवळ नाव ऐकून दलालाचा फोन बंद झाल्याचा अनुभव आपल्यातील कितीतरी कुटुंबांना आहे. ज्या घावाची वेदना आपल्याला ठाऊक आहे, तोच घाव आपण ‘बॅचलरला नको’, ‘बाहेरच्यांना नको’ असे म्हणत दुसऱ्याला करीत असू, तर त्या वेदनेतून आपण काय शिकलो?

येथेच, ज्यांच्याकडे दुसरी सदनिका आहे अशा आपल्या बंधूंना एक प्रश्न विचारावासा वाटतो. महिन्याच्या भाड्यापेक्षा रोजच्या भाड्यात चार पैसे अधिक मिळतात, हे मान्य. परंतु त्याच वेळी एखादे कुटुंब काळेवाडी, थेरगाव, चिखलीत दारोदार फिरत असते. शाळेचे वर्ष सुरू व्हायला पंधरा दिवस उरलेले असतात आणि नावामुळे त्यांना घर मिळत नसते. तुमची सदनिका त्यांच्यासाठी उघडली, तर त्यांना छप्पर मिळते, तुमच्या भाडेकराराला स्थैर्य मिळते आणि तुमच्या शेजाऱ्याला शेजारी मिळतो. उरलेले चार पैसे अल्लाहपाशी जमा राहतात. हा सौदा तोट्याचा आहे काय?

आजपासून काय करावे?

ज्यांची सदनिका थोड्या दिवसांच्या भाड्याने जाते त्यांनी प्रथम समोरचे आणि लगतचे दार ठोठवावे. स्वतः जाऊन विचारावे की आपल्याला यातून त्रास होतो का? आपला फोन क्रमांक त्यांना द्यावा आणि रात्री दोन वाजताही तो उचलावा. सोसायटीला लेखी कळवावे, कागदपत्रे पूर्ण ठेवावीत. इमारतीची संमती नसेल, तर त्या कमाईवर पाणी सोडावे. अल्लाहसाठी सोडलेल्या वस्तूच्या बदल्यात अल्लाह अधिक चांगली वस्तू देतो, यावर आपला विश्वास आहे.

कमिटीवर असणाऱ्यांनी न्यायाने वागावे. नियम करायचा तर सर्वसाधारण सभेत, सर्वांसाठी एकसारखा आणि कायद्याच्या चौकटीत करावा. राग आला म्हणून पाणी तोडणे, पाहुण्यांना गेटवर अपमानित करणे, मनमानी दंड लावणे हा जुलूम आहे. भाड्याने दिलेल्या सदनिकेवरील नॉन-ऑक्युपन्सी चार्जेससुद्धा सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेऊ नयेत, असा शासनाचा २००१ चा आदेश आहे. स्वतः हानी करू नये आणि हानीच्या बदल्यातही हानी करू नये, हे प्रेषितांनी (स.) दिलेले तत्त्व दोन्ही पक्षांना सारखेच बांधते.

शेजाऱ्यांनी पाहुण्याला सलाम करावा, नमस्कार करावा, पाण्याची वेळ आणि कचऱ्याची जागा सांगावी. अनेक तक्रारी न सांगितल्यामुळेच जन्म घेतात.

आणि स्वतः प्रवासात असताना लक्षात ठेवा की प्रेषितांनी (स.) पाहुणचाराची मुदत तीन दिवसांची सांगितली आणि यजमानाला अडचणीत टाकेपर्यंत राहण्यापासून पाहुण्याला रोखले. आपण भाडे दिले असले तरी भिंतीपलीकडच्या माणसाने आपल्याकडून काही घेतलेले नाही. त्याच्या झोपेचे ऋण आपल्यावर आहे.

अखेरचा शब्द. या अॅपवर पाहुणे घराला तारे देतात आणि मालक त्या ताऱ्यांची फार काळजी करतात. चादर पांढरी हवी, चहाची किटली हवी, नाहीतर एक तारा कमी होईल. एका माणसाने प्रेषितांना (स.) विचारले होते की मी चांगले केले की वाईट, हे मला कसे कळावे? प्रेषितांनी (स.) सांगितले की तुझे शेजारी तू चांगले केलेस असे म्हणत असतील तर तू चांगले केलेस, आणि वाईट केलेस असे म्हणत असतील तर वाईट केलेस. ही इब्ने माजाह यांच्या संग्रहातील हदीस आहे. पाहुण्याची साक्ष दोन दिवसांची असते. समोरच्या दाराची साक्ष वर्षानुवर्षांची असते आणि ती कयामतच्या दिवसापर्यंत आपल्यासोबत येणार आहे.

आज घरी परतताना आपल्या मजल्यावर क्षणभर थांबा. समोरच्या दाराकडे पाहा. त्यामागे कोण राहते, त्याचे नाव काय, त्याच्या घरी कोणी आजारी आहे काय, हे आपल्याला ठाऊक आहे का? ठाऊक नसेल, तर बेल वाजवायला आजचाच दिवस चांगला आहे.

हे अल्लाह! आमच्या घरांना शांतीची घरे बनव. आमच्या हातून आणि आमच्या मालमत्तेमुळे कोणत्याही शेजाऱ्याला उपद्रव होऊ देऊ नकोस. आमच्या दारी आलेल्या मुसाफिराचा सन्मान करण्याची आम्हाला सद्बुद्धी दे. ज्यांना छप्पर नाही त्यांना छप्पर दे आणि आमच्या कमाईत हलालची बरकत दे. आमीन.